जॅकेटचा ओके रिपोर्ट

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी जॅकेट बाथरूममध्ये हँगरला टांगलं आणि वरून शॉवर सोडला. चांगला अर्धा तास सोडला. बायको दारात येऊन म्हणाली, "एवढा वेळ तुम्ही स्वतःसुद्धा आंघोळ करत नाही." मी आतून हात फिरवला. अस्तर कोरडंठाक. शॉवरच्या परीक्षेत जॅकेट पास झालं. पण शॉवरखाली कोणी डोंगर चढत नाही. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी प्रबळगडावर होती.

मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि नवीन पनवेलला राहायला आलो. इथे एक बचाव पथक आहे. पावसाळ्यात कर्नाळ्यापासून प्रबळगडापर्यंत कुठेही ट्रेकर अडकले की ही पोरं दोर घेऊन निघतात. त्यांना दोर आणि वॉकीटॉकी शिकवायचं काम मी अंगावर घेतलंय. पथकाचा प्रमुख हरेश म्हात्रे. नोकरी न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात, जीव डोंगरात. त्याचा थोरला भाऊ, लान्स नायक बाळाराम म्हात्रे, माझ्या प्लाटूनमध्ये होता. तो घरी परत आला नाही.

जॅकेट आणलं देसाई नावाच्या माणसाने. जॅकेट बनवणाऱ्या त्याच्या कंपनीचं म्हणणं सरळ होतं. मी मेडल्स लावून कॅमेऱ्यासमोर 'आर्मी टेस्टेड' म्हणायचं, बदल्यात अख्ख्या पथकाला जॅकेटं मिळणार. पथकाच्या रेनकोटांच्या चिंध्या झाल्या होत्या. हरेशला ती जॅकेटं हवी होती आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं.

"मी रिटायर्ड माणूस आहे, आर्मी नाही," मी देसाईला म्हणालो. "आधी घालून चढतो. मग जे असेल ते बोलतो."

"तेच सर. फक्त पॉझिटिव्ह बोला."

"जे असेल ते."

सकाळी मी आणि हरेश ठाकूरवाडीतून चढायला लागलो. अंगात नवी जॅकेटं, पाठीवर दोरांच्या सॅक. देसाई कॅमेरावाल्याला घेऊन खाली चहाच्या टपरीवर थांबला. निघण्यापूर्वी मी दोघांच्याही शर्टावर, जॅकेटच्या आत, खांद्याला, छातीला आणि पाठीला वर्तमानपत्राचे कागद ठेवले. ही माझी जुनी पद्धत. भिजलेल्या माणसाला पाणी कुठून शिरलं ते सांगता येत नाही. कागद सांगतो.

हरेश हसला. "सायेब, भेल बांधताव का काय?"

माचीपर्यंत जॅकेट शहाण्यासारखं वागलं. टोपी डोक्यावर नीट बसली, मनगटाचे पट्टे घट्ट राहिले. मी मनातल्या मनात शाबासकीही देऊन टाकली. माचीच्या वर घळीतून गडावर पोचलो आणि तिथे वाऱ्याने आम्हाला धरलं. पाऊस आडवा, धुकं दाट. मी पुढे, हरेश मागे. चढताना अखंड बडबड करणारा माणूस गप्प झाला होता. धुक्यात तो दिसेना, म्हणून मी वॉकीटॉकी उचलला.

"हरेश, हालत सांग. ओव्हर."

"सगला ठीक हाय, सायेब. ओव्हर."

शब्द जड होते. 'ठीक' म्हणताना जीभ अडखळली. मी जागच्या जागी थांबलो.

हाच शब्द, असाच अडखळलेला, मी पूर्वी ऐकला होता. उत्तरेतली उंचावरची पोस्ट. मी तेव्हा नायब सुभेदार. बाळाराम दोन जवानांना घेऊन गस्तीवर गेला होता आणि वाटेत पावसाचा बर्फ झाला. मी वायरलेस सेटवर होतो, ठरावीक वेळाने खुशाली विचारत. टायगर म्हणजे आमची पोस्ट, अल्फा म्हणजे बाळाराम.

"टायगर फॉर अल्फा, ओके रिपोर्ट भेजो. ओव्हर."

"अल्फा. सब ठीक है, साब. ओव्हर."

दर वेळी तेच उत्तर. शेवटच्या वेळी आवाज घसरला आणि मी तत्काळ शोधायला माणसं पाठवली. बरोबरचे दोघे वाचले. बाळाराम एका दगडाच्या आडोशाला बसलेला सापडला, सेट हातात. गोळी लागली नव्हती. तो भिजला होता आणि गारठला होता, एवढंच. सिव्हिलियन लोकांना वाटतं फौजी गोळीनेच मरतो. फौजेत 'ठीक नाही' हे उत्तरच नसतं. तक्रार करणारा कच्चा, असं आम्ही एकमेकांना शिकवतो. त्या शिकवणीचा मला राग येतो. आजही येतो.

मी मागे फिरलो. हरेश उभा होता, ओठ काळे पडलेले.

"चेन उघड."

त्याने प्रयत्न केला. बोटांत चेन धरता येईना. मीच उघडली. छातीवरचा कागद दमट, पण अख्खा. खांद्यांवरच्या कागदाचा लगदा झाला होता. सॅकच्या पट्ट्यांनी शिवणीवरची पाणी अडवणारी टेप घासून उचलली होती आणि पाणी तिथून आत शिरलं होतं. माझीही तीच गत होती. फक्त माझ्या जॅकेटच्या आत लोकरी स्वेटर होता आणि हरेशच्या आत नुसता सुती टी-शर्ट. कंपनीत कोणी सॅक लावून हे जॅकेट तपासलंच नसावं.

"अजून थोरा चालू, सायेब. पोरांना जॅकेटा पायजेत."

"नाही. खाली."

"मी ठीक हाय."

"तो शब्द परत काढायचा नाही," मी ओरडलो. "थंडी वाजते का? ते सांग."

तो चोरी कबूल करावी तसं म्हणाला, "वाजते, सायेब."

सॅकमधल्या पिशवीत माझा दुसरा स्वेटर कोरडा होता. तो त्याला घातला, तोंडात गूळ कोंबला, त्याची सॅक मी घेतली. माचीवर एका घरात चुलीपाशी बसवलं. चहाच्या कपाभोवती त्याची बोटं गरम होईपर्यंत मी तिथून हललो नाही.

खाली देसाईने कॅमेरा तयार ठेवला होता. "सर, मेडल्स?"

"खिशात आहेत. खिशातच राहतील." मी कागदाचा लगदा कॅमेऱ्यासमोर धरला. "हे जॅकेट शॉवरखाली उत्तम आहे. सॅक घेतली की खांद्यातून गळतं. टेप बदला, परत आणा, मी परत चढतो."

"हे मी कसं दाखवणार, सर? मग जॅकेटांचंही काही जमणार नाही."

मी हरेशकडे बघितलं. पोरांचा पावसाळा त्याच्या उत्तरावर ठरणार होता. त्याने अंगातलं जॅकेट काढून देसाईच्या हातात दिलं.

"नका देव. आमचा फाटका रेनकोट गलतो, ता आमाला ठावूक हाय. यो गलतो ता कलत नाय."

देसाईचा फोन अजून आलेला नाही. माझ्या बायकोने पथकाचे रेनकोट मशीनवर शिवून दिले आणि खांद्यांवर जाड प्लास्टिकचे दुहेरी तुकडे लावले. दिसायला भिकार आहेत. कुठे गळतात ते प्रत्येकाला माहीत आहे.

आणि पथकात ओके रिपोर्ट मी बंद केला. सेटवर 'ठीक' म्हणायला मनाई आहे. बोटं, पाय, खांदे, थंडी, जे असेल ते सांगायचं. या रिपोर्टला नाव हवं होतं. ते हरेशने दिलं.

गेल्या रविवारी पोरं गडावर होती, मी खाली सेटवर. पाऊस वाढला तसं मी विचारलं, "हरेश, बाळाराम सांग. ओव्हर."

"बाळाराम. खांदे वले, दोघांना थंडी वाजते. उतरताव. ओव्हर."

सगळे उतरले. मी एकेकाचे हात हातात घेऊन बघितले.