ओ कोणी द्यायची

आमच्या घरच्यांना, म्हणजे माझ्या मालकांना, इंग्रजी येत होती आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना अन्न पचत नव्हतं. परभणीला राहून शिकलेले, गावच्या शाळेत मास्तर. आता चारठाण्याच्या पलीकडच्या आमच्या एवढ्याशा गावात इंग्रजी कुणाशी बोलणार? पोरांना शिकवायची ती मराठी, आणि वरून निजामाची उर्दू. मग सापडले मी. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, देवळाकडे गेल्या की हे पुस्तक काढून समोर बसायचे आणि मी जवारी निवडत ऐकायची. मीही माहेरी पोखर्णीला चार बुकं शिकले होते, म्हणून थोडंफार कळायचं.

त्या उन्हाळ्यात त्यांनी 'कॉल' काढला. म्हणाले, हा एक शब्द आला की अर्धी इंग्रजी आली समज. नाव घेऊन हाक मारली, कॉल. शाळेत हजेरी घेतली, तर तो कॉल. पाव्हण्याच्या घरी उभ्या उभ्या भेटून आलं, कॉल. कोर्टात पुकारा झाला तरी तोच. एखाद्याला चोर म्हटलं तरी कॉल, आणि पुढं एक बारकासा शब्द जोडला की ठरलेलं लग्न मोडलं, तोही कॉलच.

"अगं माय! म्हणजे हाक मारली काय अन् लग्न मोडलं काय, साहेबाला एकच?" मी म्हटलं. "लय दळिद्री भाषा हाय की!"

ते चिडले. मग मीच जरा नमतं घेऊन विचारलं, "बरं, कॉल झाला. मग ओ देण्याला काय म्हणतात?" त्यांनी पानं उलटली, एक शब्द सांगितला. तो तर उत्तर देण्याचा शब्द होता. मी म्हटलं, उत्तर देणं वेगळं आणि ओ देणं वेगळं. उत्तरात काहीतरी सांगावं लागतं. ओ दिली की एवढंच, की मी हाय इथं, ऐकलं तुझं. ते म्हणाले, तसा वेगळा शब्द त्यांच्यात नाही. मला त्या साहेबांची कीव आली.

आम्ही असं हसत-खिदळत होतो तोवर गावात पटकीची साथ आली. आधी वेशीजवळच्या एका घरात, मग धनगरांच्या आळीत, मग जिकडेतिकडे. तालुक्याहून सरकारी माणूस आला आणि बारवेत लाल दवा टाकून गेला. पाणी गुलाबी झालं. मालक सांगून सांगून थकले की पाणी उकळून प्या, पण लोकांनी दाराला लिंबाचे डहाळे बांधले आणि हाक मारणं सोडून दिलं.

हे जरा सांगायला हवं. आमच्याकडे रीत होती की भर दुपारी आणि तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारील. हाकामारी, म्हणजे माणसं न्यायला फिरणारी, एकदाच हाक मारते, आणि ओळखीच्या आवाजात मारते. ओ दिली की ते माणूस तिचं झालं. एरवी ही गोष्ट पोरांना भेवडावण्यापुरती. पटकीत मात्र म्हातारेकोतारेसुद्धा कान टवकारून बसायला लागले. उगाच आपल्या हाकेनं दुसऱ्याचा जीव धसकायला नको म्हणून मग कुणी कुणाला हाकच मारेना. शेळ्या राखणारे टाळ्या वाजवायचे. शेजारणीला मीठ हवं असेल तर ती येऊन कडी वाजवायची आणि गप उभी राहायची. तेलीण एरवी अख्खी गल्ली डोक्यावर घ्यायची. ती एक दिवस आमच्या उंबऱ्यासमोर हाक ना बोंब, अशी डोक्यावर भांडं घेऊन किती वेळ उभी होती कोण जाणे. मी दार उघडलं आणि दचकून मागं सरले.

शाळेत तर तमाशाच. हे नाव पुकारायचे, पोरगं समोर बसलेलं, डोळ्याला डोळा भिडलेला, पण 'हाजिर' म्हणेल तर शप्पथ. शेवटी हे एकेकाच्या डोक्याला हात लावून हजेरी मांडायला लागले. थोड्या दिवसांनी शाळाच बंद झाली.

आमच्या घरात तेव्हा थोरले दीर, जाऊ, आत्याबाई आणि आम्ही दोघं. जावेला मी अक्का म्हणायची. तिला एक पोरगी, नुकती दात पडायला लागलेली, आणि एक तान्हा पोरगा. मला मूल नव्हतं. ती पोरगी माझ्याच अंगावर लोळायची, पण हाक मारायची ती आईलाच. 'माय' म्हणताना शेवट असा वर उचलायची, की हातातलं काम टाकून उठावंच लागे.

त्या दुपारी पुरुष माणसं शेतावर गेली होती. पोरगी शेजारच्या घरी खेळते आहे असं आम्ही धरून चाललो होतो. आम्ही तिघी माजघरात, अक्का तान्ह्याला पाजत होती. घरामागे कडब्याची गंज होती, तिकडून हाक आली. "माय." एकदाच. शेवट वर उचललेला नव्हता.

अक्कानं मान वर केली. आत्याबाईंनी पटकन तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांब. दुसरी येऊ दे."

आम्ही थांबलो. तान्ह्याच्या चुटुचुटु पिण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. दुसरी हाक आली नाही. आत्याबाईंनी हात काढला आणि म्हणाल्या, "वाचलीस बाई." बऱ्याच वेळानं मी शेळीला कडबा आणायला मागे गेले, तर पोरगी गंजीच्या सावलीत पडलेली. ओकून आणि जुलाब होऊन पार गळून गेली होती, डोळे खोल. एकदा हाक मारण्यापुरतंच त्राण उरलं असेल तिच्यात. दिवे लागायच्या आत ती गेली.

अक्का रडली नाही. ती नुसती एकच विचारत राहिली, "मी ओ कामून दिली न्हाई?" आत्याबाई तोंड फिरवून चुलीपुढं बसल्या होत्या.

मातीला जाऊन आठवडाही झाला नसेल. दुपारी अक्का एकदम ताठ झाली. म्हणाली, "ऐकलंस? मागून हाक मारली." मी म्हटलं, न्हाई अक्का, काय बी न्हाई. दुसऱ्या दिवशी तसंच, त्याच वेळेला. मला वाटलं, दुःखानं होतं असं माणसाला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पण आत्याबाई घाबरल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरी, दुपारची तिच्याजवळ बसून राहा. तोंड उघडायला लागली की हात ठिव तोंडावर. ओ गेली तर ही जाईल, अन् मागं हे तान्हं. त्याला काय तू पाजणार हायेस?" बोचलं मला ते, पण खरं होतं.

मग दुपारी दार लावून मी अक्काला धरून बसायची. ती अजिबात झगडायची नाही. हळू आवाजात समजावायची, मीच जणू वेडी. "सोड गं. एकली हाय ती तितं. मी ओ देत न्हाई म्हणून सारखी येते बिचारी. एक डाव ओ दिली की जाईल निजायला."

"अन् तुमी?"

"मी बी जाईन की."

इतकं साधं म्हणाली. मला रागच आला. कडेला पोरगं हात-पाय हलवत पडलं होतं आणि हिला त्याची शुद्ध नाही! मी तिला फाडफाड बोलले. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा मागच्या भिंतीकडे कान लावायची. मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले की मनाचा खेळ आहे. त्यांचं शिक्षण तिथं संपलं.

मग एका दुपारी मी ऐकलं. खोटं सांगत नाही. शेळी उन्हाची आत, माजघराच्या कोपऱ्यात बांधलेली होती. ती रवंथ करता करता थांबली आणि मागच्या भिंतीकडे बघायला लागली. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. आणि मग, "माय." लांबून नाही, जवळूनही नाही. शेवट वर उचललेला. मी ज्या पोरीला न्हाऊ घातलं, जिच्या उवा काढल्या, तिचा आवाज मला कळणार नाही होय? माझ्याच घशात ओ आली होती. माझा हात गळाला. अक्कानं माझ्याकडे पाहिलं, मलाही ऐकू आलं हे तिला कळलं, आणि तिचा चेहरा असा खुलला की मला तो अजून दिसतो.

तिनं तोंड उघडलं.

"ओ! आले गं बाई, आले!"

आवाज अक्काचा नव्हता. आत्याबाई चुलीपासून उठून माजघराच्या दारात उभ्या होत्या. दोन्ही हातांना पीठ. मागच्या भिंतीकडे बघून त्यांनी खणखणीत ओ दिली होती, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. त्या मुक्या झालेल्या गावात कित्येक दिवसांत कुणी एवढा मोठा आवाज केला नव्हता. तान्हं दचकून रडायला लागलं.

अक्का त्यांच्या अंगावर धावून गेली. सासूच्या अंगावर! त्यांच्या छातीवर मुठी मारत ओरडत होती, "मला मारली होती हाक! मला! तुमी कोण ओ देणार? माझी हाक घेतली तुमी!" आत्याबाईंनी मार खाल्ला. मग ती खाली बसली आणि पोरगी गेल्यापासून पहिल्यांदा रडली. रडता रडता तिनं पोराला उचलून छातीशी घेतलं.

आत्याबाईंनी हात धुतले. मला म्हणाल्या, पाणी तापव, डोक्यावरून न्हायचंय. न्हाऊन धुतलेलं लुगडं नेसल्या. कमरेच्या किल्ल्या काढून माझ्या हातात दिल्या, डाळीची मडकी दाखवली, लोणच्याला ओला हात लावू नको म्हणाल्या. आणि भिंतीला टेकून बसल्या, वाट बघत. मी जवळ बसून विचारलं, "आत्याबाई, तुमाला बी ऐकू आलं का हो?"

"न्हाई की. मला कवाच काय ऐकू आलं न्हाई. तिचं तोंड उघडताना दिसलं, म्हणून आधी दिली." मग म्हणाल्या, "त्या दिवशी हात मीच ठिवला होता ना तिच्या गुडघ्यावर?"

त्या काही गेल्या नाहीत. उजाडलं, पुन्हा दुपार झाली. आत्याबाई बसूनच होत्या. हाक आली नाही. त्यानंतर ती कधीच आली नाही. पटकीही हळूहळू ओसरली, गल्लीत तेलीण पुन्हा ओरडायला लागली, आणि महिनाभरानं आत्याबाईंनी काही न बोलता किल्ल्या परत मागून घेतल्या.

लोक म्हणाले, म्हातारीनं सुनेला वाचवलं. खरंच होतं ते. पण अक्का दुपारी भिंतीकडे कान लावून बसायची आणि भिंत गप. ती सासूचं सगळं करायची, पाय चेपायची, भाकरी कुस्करून द्यायची. फक्त आत्याबाईंनी हाक मारली की मुकाट येऊन उभी राहायची. ओ द्यायची नाही. त्यांनी कितीही वेळा मारली तरी. आत्याबाईंनीही कधी तक्रार केली नाही. मलाच संताप यायचा, कुणाचा ते मात्र ठरवता यायचं नाही.

निजामाचं राज्य गेलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. तान्हा होता तो पोरगा आता शेळीच्या मागं पळत होता. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांचा श्वास वर लागला. थोरले दीर, आमचे मालक, सगळे भोवती. अक्कानं पाणी पाजलं आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं. मी उशाशीच होते, म्हणून ऐकलं.

"आत्याबाई, माझी लेक भेटली तर तिला सांगा. माय ओ देणारच होती म्हणावं."

आत्याबाईंनी डोळे उघडले. जीभ जड झाली होती, पण शब्द स्पष्ट होते. "मी कामून सांगू? तूच सांग. पोरगं तुझं आता मोठं झालंय. मी तिला सांगते, मायला आणिक एक डाव हाक मार म्हणून."

अक्का म्हणाली, "ओ."

तेवढीच एक ओ तिनं त्यांना दिली. आत्याबाईंना नेऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरामागचं दार सताड उघडं टाकून उंबऱ्यावर बसली. मी आतून बघत होते. या वेळी तिच्याजवळ जाऊन बसले नाही.