एकेचाळीस नंबरचा फॉर्म

कर्जत तालुक्यातल्या कडाव गावाच्या वरच्या अंगाला ठाकरांची एक वाडी आहे. सुनिता निरगुडे ही त्या वाडीतली बारावी झालेली पहिली पोर. आश्रमशाळेत होती तेव्हा तिचं अक्षर पाहून मास्तर फळ्यावरचा सुविचार तिच्याकडूनच लिहून घ्यायचे. पण बारावीनंतर पुढं काय, हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. लग्न झालं. नवरा धोंडी शेलूला नव्या बिल्डिंगांच्या कामावर जायचा. ती पावसाळ्यात भाताची लावणी करायची आणि उन्हाळ्यात करवंदं घेऊन कर्जतच्या बाजारात बसायची.

तिथंच एकदा संध्याताई करवंदं घ्यायला थांबल्या. मुंबईच्या एका विद्यापीठात त्या प्राध्यापक होत्या. गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि ही बाई टोपलीखालच्या जुन्या वर्तमानपत्रात डोकं घालून बसली आहे, हे पाहून त्यांना हसू आलं. बोलणं सुरू झालं आणि आठ दिवसांनी सुनिताला काम मिळालं.

काम साधं होतं, संध्याताईंच्या एका अभ्यासासाठी माहिती गोळा करायचं. खटला उभाच राहिला नाही आणि माणूस मात्र महिनोन्‌महिने तुरुंगात, अशा कच्च्या कैद्यांच्या घरी जायचं, चौसष्ट प्रश्न विचारायचे आणि फॉर्म भरायचा. संध्याताईंचे विद्यार्थी आधी जाऊन आले होते, पण शर्टपँटवाला आणि हातात कागद असं दिसलं की कातकरवाड्या रिकाम्या व्हायच्या. सुनिता गेली की बायका घरातून बाहेर यायच्या.

गळ्यात फोटो असलेलं ओळखपत्र आलं. धोंडी ते हातात घेऊन उलटंसुलटं करून बघायचा. वाडीतले लोक तिला थट्टेनं ‘म्याडम’ म्हणू लागले. वरवर ती रागवायची, पण मनातून तिला ते आवडत होतं, हे तिनं पुढं स्वतःच कबूल केलं.

सोनुबाई हिलमच्या घरी ती गेली तो भाद्रपद होता. खालापूरकडच्या एका कातकरवाडीत कुडाचं घर, छपरावर निळं प्लास्टिक, आत चुलीपर्यंत ओल. सोनुबाईचा मुलगा किशोर चार महिने तुरुंगात होता. एका फार्महाऊसवरची पाण्याची मोटर रात्रीत चोरीला गेली होती. किशोर तिथं गवत कापायला जायचा, तेवढ्यावरून पोलिसांनी त्याला उचललं होतं.

सुनिता उंबऱ्यापाशीच बसली. ठाकरांच्या घरात कातकऱ्यांकडचं पाणी पीत नाहीत. ती आता हे सगळं मानत नव्हती, निदान तसं म्हणायची. तरी सोनुबाईनं पुढं केलेला पेला तिनं न पिता बाजूला ठेवला आणि भराभर प्रश्न विचारत सुटली. घरात माणसं किती, कमावतं कोण, वकील मिळाला का. दुपारपर्यंत तिला अजून दोन घरं उरकायची होती.

चाळीसाव्या प्रश्नाशी सोनुबाई उठली. कुडात खोचलेली पिशवी काढून तिनं त्यातला कागद सुनितापुढं धरला.

“बघ गं, काय लिवलंय. मला फुरसं चावलं तवाचा हाय. किशोरनं पाठीवर घेऊन रस्त्यापोत नेली. दोन रात्री दवाखान्यात व्हतू आमी. मोटर गेली म्हंत्यात त्या रातीला तो माज्या खाटंखाली निजलावता.”

सुनितानं वाचलं. साप चावल्यावर दवाखान्यातून सोडतानाचं कार्ड होतं. तारखा चोख होत्या आणि खाली ‘सोबत: मुलगा किशोर’ असं डॉक्टरच्या हातचं लिहिलेलं होतं. तिनं मान वर केली.

“हे वकिलाला दाखवलंत?”

“कुठला वकील? कोर्टानं दिलाय म्हंत्यात. मी तर तोंड नाय बघितलं त्याचं.”

कागदाच्या घड्या फाटत आल्या होत्या आणि एक कोपरा भिजून निळा झाला होता. अजून एक पावसाळा तो इथं टिकणार नाही, असं सुनिताला वाटलं. तिनं पिशवीतून टाचणी काढली आणि तो कागद फॉर्मला लावून टाकला.

“माझ्याकडं राहू दे, मावशी. हा फॉर्म वर जाईल. मोठी शिकलेली माणसं वाचतील.”

“मंग सुटंल ना गं तो?”

“बघतील ती,” सुनिता म्हणाली, आणि पुढचा प्रश्न विचारला.

त्या फॉर्मचा नंबर एकेचाळीस होता.

फॉर्म गोळा करायला दर शनिवारी सई नावाची विद्यार्थिनी कर्जतला यायची. सुनितानं तिला कागद दाखवला. “सईताई, हा पोरगा चोरी करूच शकत नाही. हे कुणाला तरी सांगायला पायजे.”

सईनं कागद वाचला. तिलाही वाईट वाटलं. पण अभ्यासाचे नियम ठरलेले होते. ज्यांची माहिती घेतो त्यांच्या खटल्यात आपण पडायचं नाही, कुणाला कसलं आश्वासन द्यायचं नाही. “शेरा लिही सविस्तर,” सई म्हणाली. “मी मॅडमच्या कानावर घालते.”

सुनितानं सुंदर अक्षरात अर्धं पान शेरा लिहिला. तो लिहून झाला तेव्हा आपल्या डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं तिला वाटलं. कोर्ट टमटमनं अर्ध्या तासावर होतं. तो कागद घेऊन आपणच वकिलाला गाठावं, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. एकदा आलं होतं. पण त्या दिवशी भिवपुरीकडच्या तीन वाड्या करायच्या होत्या. शिवाय नियमाबाहेर वागलो आणि ओळखपत्र काढून घेतलं तर काय, ही भीतीही होती. सईनं मॅडमना सांगायचं म्हटलं खरं, पण मग तिची परीक्षा आली आणि ते राहून गेलं. एकेचाळीस नंबरचा फॉर्म बाकीच्यांबरोबर विद्यापीठातल्या कपाटात गेला.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात अहवाल तयार झाला. मुंबईत विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठेवला होता. सुनिता धोंडीला घेऊन गेली. नवी साडी नेसली होती. तिला व्यासपीठावर बोलावून शाल दिली, टाळ्या वाजल्या. मग पडद्यावर एकेक पान येऊ लागलं. एका पानावर संध्याताई थांबल्या आणि म्हणाल्या, “एका आईकडे मुलगा निर्दोष असल्याचा दवाखान्याचा कागद होता. तो कोर्टापर्यंत पोचवायला तिच्याकडे माणूस नव्हता.”

सुनिताला आधी अभिमान वाटला, आपला शेरा पडद्यावर आला. मग त्या वाक्याचा अर्थ तिला लागला. माणूस नव्हता कसा? उंबऱ्यावर मी बसले होते की.

चहाच्या वेळी तिनं संध्याताईंना गाठलं. “त्या पोराचं पुढं काय झालं?”

संध्याताई म्हणाल्या, “अहवालात नावं नसतात गं. कोण ते मला माहीत नाही.”

“मला माहीत हाय.”

“आणि तो कागद?”

“तुमच्या कपाटात.”

चहा अर्धा टाकून संध्याताई उठल्या, कपाट उघडून घेतलं आणि कागद सुनिताच्या हातात ठेवला. शालीच्या पिशवीतच तो घालून सुनिता दुसऱ्या दिवशी सकाळी सोनुबाईच्या वाडीवर पोचली.

अंगणात सोनुबाईच्या तोंडवळ्याचा एक पोरगा कोयत्याला मूठ बसवत होता. हा किशोरच.

त्याला पाहून तिला इतका आनंद झाला की तिनं त्याच्या आईला हाकच मारली. “सुटला ना मावशी! कधी सुटला?”

“महिना झाला,” किशोरच बोलला. “हो म्हनलो, म्हनून सुटलो.”

“कशाला हो म्हणलास?”

“चोरी केली म्हनून. वकील बोलला, गुन्हा कबूल कर, जेवढं आत काढलं तेवढीच शिक्षा देतील, आजच घरी जाशील. मी त्याला दवाखान्याचं सांगितलं. त्यानं आयेला इचारलं, कागद कुठंय? आये बोलली, शिकलेल्या पोरीनं नेलाय, वर मोठी मानसं बघत्यात.” त्यानं मूठ ठोकली. “दवाखान्यातनं दुसरा मागवू बोलला, पन मंग पुढची तारीख तीन महिन्यांनी. मला नाय राहावलं आत.”

सुनितानं पिशवीतून कागद काढला आणि हातातच धरून ठेवला. सोनुबाईनंच तो तिच्याकडून घेतला. घड्या नीट केल्या आणि म्हणाली, “जपून ठेवलास गं बाई. इथं असता तर गेला असता पावसात.”

ती रागावली असती, अंगावर ओरडली असती, तर सुनिताला सोसलं असतं.

सुनितानं कळवल्यावर संध्याताई एका वकिलाला घेऊन वाडीवर आल्या. वकिलानं सगळं ऐकलं, कागदपत्रं चाळली आणि सांगितलं की गुन्हा स्वतः कबूल केल्यावर आता फार काही हाती लागणार नाही. परत जाताना संध्याताई गाडीशी थांबल्या. “चूक तुझ्या एकटीची नाही, सुनिता. नियम मी केले होते.”

“व्हय ताई,” सुनिता म्हणाली. “पन टाचणी मी लावली.”

पुढच्या अभ्यासात संध्याताईंनी नियम बदलला. माहिती घेणाऱ्याबरोबर आता एक वकीलही जातो. सुनितानं फॉर्म भरायचं काम सोडलं आणि ती कोर्टात कायदेशीर मदतीची स्वयंसेविका झाली. आठवड्यातून तीन दिवस ती तिथं असते. कैद्यांच्या घरचे कागद स्वतः नेऊन वकिलाच्या हातात देते आणि तो वाचेपर्यंत समोरून हलत नाही. तिच्यामुळं आजवर नऊजण सुटले. त्यांतल्या एकाची आई घरी येऊन तिच्या पाया पडू लागली, तेव्हा ती उठून मागच्या दारी निघून गेली.

किशोरचं मात्र जमलं नाही. त्याच्या नावावर आता चोरी होती. आसपास कुठं काही हरवलं की पोलीस आधी त्याच्याकडे यायचे. दोनदा नेलं, बसवून ठेवलं, सोडलं. तिसऱ्यांदा यायच्या आत तो कोळशाच्या भट्ट्यांवर गेला. कुणी नगरकडं म्हणतं, कुणी कर्नाटकात. दोन वर्षं होऊन गेली, त्याचा फोन लागत नाही.

सुनिता महिन्या-दीड महिन्यानं सोनुबाईकडं जाते. रेशन आणून देते, डोळ्यांत औषध घालते, घरात जाऊन चुलीपाशी बसते आणि दिलेलं पाणी पिते. गेल्या थंडीत ती तिथं असतानाच एक हवालदार आला. कुठल्याशा बंगल्यावरची वायर गेली होती आणि त्याला किशोर पाहिजे होता. तो दोन वर्षांत गावात आलेला नाही, हे सुनितानं त्याला शांतपणे सांगितलं. स्वतःचं नाव सांगितलं, जबाब लिहून घ्यायला लावला आणि खाली सही केली. हवालदार गेला.

सोनुबाईला कानानं कमी ऐकू येत होतं. ती विचारत राहिली, “कोण आल्तं गं? किशोरचं काय बोल्ला? त्याची काय खबर हाय का?”

“नाय मावशी,” सुनिता तिच्या कानाशी वाकून म्हणाली. “खबर नाय.”