मागचं डावं चाक

त्या दिवशी सकाळी दाजी गाडीखालून सरकत बाहेर आले, पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मागचं डावं तू आवळ."

मी म्हटलं, "कोण, मी?"

"नाही, तुझा आजा. तो मोकळाच असेल."

आणि हात पुसत खुर्चीत जाऊन बसले.

गाडी नर्सबाईंची, म्हणजे दवाखान्याची. वरच्या वस्त्यांवर औषधं, लसी घेऊन जाते. वाटेतला पूल वाहून गेल्यापासून नदीतूनच जावं लागतं, म्हणून दाजींनी ती तीन इंच उचलून दिली होती. चाकांवरचे नवीन पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, मोठे टायर, आणि हवा घ्यायचा पाइप पार छतापर्यंत नेलेला, कारण इंजिनानं पाणी ओढलं की खेळ खलास. राहिलं होतं ते पाटे धरून ठेवणारे नट एकदा शेवटचं आवळायचं. एकेका चाकापाशी चार. तीन चाकं दाजींनी केली होती.

आमचा पाना मापाचा आहे, ठरलेला जोर आला की कट्ट वाजतो. चौथा नट वाजला तसं मी खालूनच म्हटलं, "दाजी, झालं. बघून घ्या." उत्तर नाही. मला वाटलं मुद्दाम. मेव्हणा बोंबलतोय ना, बोंबलू दे, असं करायचे ते. दोन हाका मारल्या आणि बाहेर आलो. खुर्चीतच होते. चष्मा कपाळावर. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, त्यांना कळलंसुद्धा नसेल.

माझी शाळा चौथीत सुटली. बोलतो तसंच लिहितोय, सांभाळून घ्या.

दाजी म्हणजे ताईचा नवरा. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आले तेव्हा मला विचारलं, काय करतोस? म्हटलं, काही नाही. म्हणाले, "नीट जमतं का ते तरी?" दुसऱ्या दिवसापासून मी गॅरेजात. त्याला वीस वर्षं झाली.

गाडी उचलायला आलेल्या माणसाला ते आधी विचारायचे, कुठं जाता? एक जण म्हणाला, ऑफिसला. "मग गाडी कशाला उंच करता? शिडी घ्या," म्हणाले आणि घालवून दिला. ज्याला खरंच चिखलात, दगडात जायचंय त्याच्यासाठी मात्र जीव टाकायचे. टायरमधली हवा किती सोडायची ते त्याच्याकडून स्वतः करून घ्यायचे. म्हणायचे, चिखलात जोर लावू नका, चाकाला पसरू द्या. परत आलात की गाडी खालून धुवा, वरून कोणीही धुतो.

आणि शंभर किलोमीटर झाले की गाडी परत आणायचीच. नवीन पाटे दबून बसतात, मग नट थोडे सैल पडतात, ते पुन्हा आवळावे लागतात. कोणी आणली नाही तर हे पाना घेऊन त्याच्या दारात. एकदा असेच कोणाच्या तरी गाडीखाली शिरले आणि त्याच्या बायकोनं चोर म्हणून पायावर बादलीभर पाणी ओतलं. तसेच ओले नट आवळून आले.

आता माझं सांगतो. गाडी उचलली की ब्रेकचा पाइपही लांब घालावा लागतो. नाहीतर खड्ड्यात चाक खाली लोंबलं की पाइप ताणून तुटतो. अकरा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराच्या गाडीला मी जुनाच पाइप ठेवला. विसरलो. उतारावर ब्रेक गेला. मातीच्या ढिगात घुसली म्हणून माणूस वाचला. तो गॅरेजात आला तेव्हा मी भिंतीला चिकटून उभा. दाजी म्हणाले, "पाइप मी ठेवला. चूक माझी." त्यानं आईबापावरून काढलं, ह्यांनी मान खाली घालून ऐकलं. तो गेल्यावर मला एवढंच विचारलं, "जेवलास का?"

त्यांनी कधी मनाई केली नाही. पण शेवटचा पाना मीच घ्यायचं सोडलं.

म्हणून दाजी गेल्यावर चौथ्या दिवशी नर्सबाईंचा फोन आला, गाडी नेऊ का, तर मी म्हटलं, सांगतो. शेजारचा टायरवाला म्हणाला, "दाजींचं काम आहे, डोळे झाकून दे." पण एक चाक दाजींनी बघितलंच नव्हतं. आणि मला दुसराच किडा पोखरत होता. त्यांनी पाना दिला तो भरवशानं, की त्यांचा हात दुखत होता म्हणून?

ताईला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

म्हणाली, "मला कधी सांगितलंय त्यांनी काय दुखतंय ते? पण हात दुखला असता तर गाडी तशीच ठेवली असती. कच्च्या हातात पाना देणारा माणूस होता का तो? आणि तू असाच बसलास तर ती बाई नदीत पायी उतरेल."

मग मी एकेक चाक लोंबतं करून चारही ब्रेकचे पाइप हातानं चाचपले. कुठंच ताण नव्हता. बाई आल्या तेव्हा खरं सांगून टाकलं. "तीन चाकं दाजींची आहेत, एक माझं."

म्हणाल्या, "मला चारही लागतात. किल्ली द्या."

दोन दिवस फोन वाजला की दचकायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी शंभर किलोमीटर करून गाडी दारात. खिडकीपर्यंत चिखल. मी तसाच खाली शिरलो. पुढचं उजवं, पुढचं डावं, मागचं उजवं. नखभर फिरायचे आणि कट्ट. मग मागच्या डाव्याला पाना लावला आणि जरा थांबलो. मग ओढला. नखभर फिरला, कट्ट. चारही तसेच.

बाहेर ताईचे पाय दिसत होते.

"काय रे?"

"सारखेच बसलेत सगळे."

मग बाईंचा आवाज आला, "आटपा हो, मला अजून एका वस्तीवर जायचंय."