आक्काची डावी भिवई

हौसाआक्काची डावी भिवई उजवीपेक्षा अर्ध्या बोटाने आखूड होती. नव्याने भेटणाऱ्याची नजर आधी तिथेच जायची. मग आक्का न विचारताच सांगायची, "नातीच्या शिक्षणाला घातली."

मारुंजीत आमच्या घरामागे विकायची म्हणून ठेवलेली आणि कधीच न विकलेली जमीन आहे. कासारसाईकडून आक्का रोज तिथे बावीस शेळ्या घेऊन यायची. शेळ्या चरायच्या आणि आक्का माझ्या पायरीवर बसून चहा पीत मला शहाणपण शिकवायची. मी यादीवाली बाई. लग्नाचा बस्ता असो की भाडेकरूंचं गॅस सिलेंडर, सगळ्याची यादी माझ्या वहीत. आक्काला माझ्या वहीचं फार कौतुक आणि तेवढीच कीव. "सुमन, तू आंदी लिवतीस आन मंग बगतीस," ती म्हणायची. "मानसानं आंदी बगावं."

नात कोमल बारावी झाली आणि तिने पार्लरचं शिकायचं ठरवलं. तिला हवी होती हिंजवडीच्या रस्त्यावरची काचेची अकादमी. फी दोन लाख चाळीस हजार, त्यासाठी कर्ज काढून द्यायला अकादमीच तयार. दुसरा पर्याय म्हणजे पिरंगुटला एका बाईंचा दोन खोल्यांतला क्लास, फी पंचेचाळीस हजार. तिथे काळा कोट नाही, कोटावर नाव नाही, म्हणून कोमलला तो नको.

मी लगेच वही काढली. फी, मुदत, सर्टिफिकेट, साहित्याची पेटी, बसची सोय, एसी असे अकरा रकाने पाडले, गुण दिले. अकादमी दणक्यात पहिली आली. कोमलने मला मिठी मारली. आक्काने वही हातात घेतली, उलटी धरली, सुलटी धरली. तिला वाचता येत नव्हतं.

"ह्यात शिकून भाईर पडल्याल्या पोरी कुटं हायेत?"

"पोरींचा रकाना नाही केला, आक्का."

"मंग काय क्येलंस? आगं, बोकड शिंगावरनं घ्येत न्हाईत. त्याची करडं बगून घ्येत्यात."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी अकादमीत. समुपदेशक मॅडमनी थंड पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे शंभर टक्के प्लेसमेंट आहे, आजी."

"शंबर न्हाई, चार सांगा. नावं सांगा."

मॅडमनी हसून भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे यशस्वी विद्यार्थिनींचे फोटो, खाली नावं आणि पार्लरचा पत्ता. आक्काने कोमलला मोबाईलवर सगळी भिंत टिपून घ्यायला लावली. मॅडमना वाटलं, म्हातारी भारावली.

पुढचा महिनाभर आक्का त्या भिंतीवरच्या पोरी शोधत हिंडली. गिऱ्हाईक झाल्याशिवाय पार्लरात कोण बोलतंय? म्हणून ती सगळ्यात स्वस्त काम करून घ्यायची, भिवयांना दोरा. पहिल्या ठिकाणी मीही होते. आक्का नऊवारी सावरून खुर्चीत आडवी झाली, सांगितल्याप्रमाणे बोटांनी पापणी ताणून धरली आणि मुलीने दोऱ्याचं टोक दातात धरताच आक्काने तोंड उघडलं.

"पगार धा हजाराच्या वर हाय का?"

मुलीचा नुसता हुंकार, 'हं'.

"पंदराच्या?"

मान किंचित हलली. नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आक्का, दोरा काढल्यावर विचारायचं ना!"

"दोरा काडला की ती मालकिनीकडं बगून बोलंल. दातात दोरा आसला की खोटं बोलायला जागाच ऱ्हात न्हाई."

दुसरी मुलगी खरंच छान कमवत होती. कोमल म्हणाली, "बघ आजे!" आक्काने चौकशी केली तर गाळा वडिलांचा, खुर्च्या मामाच्या. "ही बापाची कमाई हाय, शाळंची न्हाई," आक्का म्हणाली आणि ती मुलगी हिशेबातून काढली. तिसरीने काम सोडून दिलेलं, तिच्या जागी तिची जाऊ भिवया करत होती.

चौथी भेटली बाणेरच्या एका चकचकीत सलॉनमध्ये. पगार बारा हजार. एव्हाना आक्काच्या भिवया म्हणजे पेन्सिलीची रेघ उरली होती. मुलगी म्हणालीसुद्धा, "आजी, करायला काही नाहीच आहे." आक्का म्हणाली, "आसंल त्ये कर." दोरा दातात गेला.

"कर्जाचा हप्ता साडेसात हजार हाय का?"

हं.

"फिटत आला का?"

मुलीने इतक्या जोरात मान हलवली की डाव्या भिवईचं शेपूट दोऱ्यासकट गेलं. मुलगी घाबरली, मग रडायला लागली, आणि ते भिवईचं रडणं नव्हतं. आक्का उठून तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. "उगवंल गं. केसच हायेत."

कोमल दारात उभी होती. तिने बोटांवर काहीतरी मोजलं. पायरीवर बसल्यावर म्हणाली, "बारातनं साडेसात गेले तर साडेचार. आजे, तू दूध घालून जास्त कमावतीस."

"मला काळा कोट न्हाई ना पर," आक्का म्हणाली.

पिरंगुटच्या क्लासच्या दोन मुलीही पाहून झाल्या. दोघींचा पगार नऊ हजार, हप्ता कुणालाच नाही. शिवाय एकीने आक्काचा चेहरा पाहून दोरा हातात घ्यायलाच नकार दिला. "हिला काम कळतंय," आक्का म्हणाली. पाच शेळ्या विकल्या, फी भरली. सतरा राहिल्या. मी वहीत बारावा रकाना पाडला: पोरी.

भिवई काही उगवली नाही. कोमल रोज पेन्सिलीने भरून द्यायची, आक्का दुपारपर्यंत पदराने पुसून टाकायची. म्हणायची, "ऱ्हाऊ दे. इचारनाऱ्याला सांगता येतं." आणि रानात भेटेल त्या प्रत्येक शेळीवाल्याला ती सांगतच सुटली.

गेल्या वर्षी आक्का गेली. कोमलचं पार्लर आता माझ्याच गाळ्यात आहे, भाडं वेळेवर येतं.

परवा मी तिथे बसले असताना चांदे गावचे एक फेटेवाले आजोबा शेळ्या हाकायची काठी घेऊन आत शिरले. दारात त्यांची नात, लाजेने अर्धमेली. कोमल म्हणाली, "आजोबा, हे फक्त बायकांचं आहे."

"भिवयास्नी काय बाई आन काय बापय? दोरा वड."

आजोबा खुर्चीत पसरले. भिवया अशा, की त्यात करडू लपेल. कोमलने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. तिने दोरा दातात धरला.

"पिरंगुटलाच शिकलीस का?"

हं.

"भागतंय का?"

हं.

"डोक्यावर हप्ता?"

इतर कुणाला नाही, निदान कोमलला तरी हे कळायला हवं होतं. पण तिने ठासून मान हलवली. नाही! आणि डाव्या भिवईचा झुपका खाली पडला.

कोमल तोंडावर हात ठेवून उभी. आजोबांनी उठून आरशात पाहिलं, रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं आणि दाराकडे वळून म्हणाले, "चल गं. नाव घालू पिरंगुटला. पोरगी खरं बोलली."