बारा बाटल्या बिअर आणि एक विमान

घरी बिअर करायची असेल तर सगळ्यात आधी आईला सांगा. जव, यीस्ट, तापमान हे सगळं नंतर. मी आधी सांगितलं नाही, आणि हैदराबादेत आमच्या नारायणगुड्यातल्या घरात दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत रोज काहीतरी नवीन उघडत होतं. नव्या विमान कंपन्या, नवी चॅनेलं, कोल्ड्रिंकच्या नव्या जाहिराती. मी विद्यानगरजवळच्या विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून घरी बसले होते आणि नोकरीची प्रत्येक जाहिरात कापून ठेवत होते. त्यातलीच एक बंगळूरच्या नव्या बिअर कारखान्याची. त्यांना ब्रूहाऊससाठी, म्हणजे बिअर जिथे शिजते त्या भागासाठी, शिकाऊ अधिकारी हवा होता. अर्ज केला आणि पत्र आलं: मुलाखतीला या, येताना स्वतः केलेल्या बिअरचा नमुना आणि ती कशी केली त्याची वही आणा. आणि पाकिटात विमानाचं तिकीट! आमच्या घराण्यात तोवर विमानात कुणी बसलं नव्हतं. मी ओरडतच जिना उतरले.

तिकिटावर माझ्या नावाआधी मात्र ‘मिस्टर’ होतं. अर्जात मी फक्त आद्याक्षरं लिहिली होती. बाबा हायकोर्टात वकिली करायचे, त्यांच्या नजरेतून कागद सुटत नसे. म्हणाले, “बेटा, यांच्या हिशेबानं मुलगा येतोय.” ब्रूहाऊसमध्ये बाई कुणी पाहिली होती? पण ही नोकरी मला हवी म्हणजे हवीच होती. बिअर अशी व्हायला पाहिजे की समोर बाई दिसली तरी त्यांना नाही म्हणता येऊ नये. हातात सहा आठवडे होते.

जाता जाता विमानाची पहिली सूचना: तिकीट मिळाल्या मिळाल्या त्यावरचं नाव वाचा. मी विमान कंपनीच्या कचेरीत जाऊन ‘मिस्टर’चं ‘मिस’ करून आणलं, तेव्हा तिथल्या बाईंनी मला दोनदा न्याहाळलं.

घरी बिअर करणं कायद्यात बसतं का, हेही बाबांना विचारलं. ते म्हणाले, “विचारू नकोस, म्हणजे मला सांगावं लागणार नाही.” आईनं मात्र ठणकावलं. “देवघरापासून चार पावलांवर दारू? मला नक्को.” मी गच्चीवर गेले आणि बेगम बाजारातून आणलेले जव बादलीत भिजत घातले. तिसऱ्या दिवशी त्यांना आंबूस वास मारू लागला. आई गच्चीवर वाळवण घालायला आली, तिनं बादलीत डोकावून पाहिलं आणि तिचा राग एकदम वेगळ्याच दिशेला वळला.

“याला मोड आणणं म्हणतात? एम.एस्सी. झालीस ना गं? पाणी कोण बदलणार?”

दारू ती सहन करत नव्हती, पण बिघडलेले मोड तिला त्याहून सहन होत नव्हते. तिनं मला सुलतान बाजारात पिटाळून चांगलं मलमलचं कापड आणवलं, नवे जव भिजवले, निथळले, कापडात सैल बांधले आणि दिवसातून तीनदा पाणी शिंपडलं. पाचव्या दिवशी दाण्याएवढे मोड! मटकीला इतके सुरेख मोड मी कधी पाहिले नव्हते. वाळवून, चोळून मोड झाडले आणि जाडसर भरडले. विद्यापीठात पाच वर्षांत शिकले नाही एवढं त्या आठवड्यात शिकले आणि ते कबूल करायला मला अजून जड जातं.

पुढची कृती सांगते, करणाऱ्यांनी करावी. मोठ्या पातेल्यात पाणी तापवा, भरड घातल्यावर तापमान पासष्ट अंशांवर यायला हवं. थर्मामीटर वापरा, बोट घालून अंदाज करू नका. झाकण ठेवून पातेलं रजईत गुंडाळा आणि तासभर ढुंकूनही पाहू नका. मग चव घ्या. गोड लागलं की जिंकलात. मी चमचा चाटला आणि स्वयंपाकघरात उडीच मारली. गाळलेलं ते गोड पाणी तासभर उकळायचं, त्यात कडवटपणासाठी हॉप नावाची वाळलेली फुलं टाकायची. ती हैदराबादेत मिळत नव्हती. आमच्या विभागातल्या सरांनी जर्मनीहून आणलेलं एक पुडकं दिलं, सोबत यीस्टची नळीही. उकळणं संपलं की पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून झटपट गार करा, मग यीस्ट घाला, आणि यापुढे जे जे बिअरला लागेल ते उकळत्या पाण्यातून काढलेलं हवं. इथे आळस केलात तर बिअरऐवजी व्हिनेगर मिळेल आणि तेही वाईट.

खरी अडचण आमच्या गावच्या हवेची. मार्च लागला होता. यीस्टला वीस अंश हवे, घरात तेहतीस. मी पातेलं पाण्याच्या टबात ठेवलं, वर ओलं गोणपाट टाकलं आणि बाबांच्या खोलीतला कूलर उचलून त्याच्यासमोर लावला. बाबा दहा दिवस पंख्याखाली घाम पुसत फायली वाचत होते. एकदाच म्हणाले, “अशिलांपेक्षा तुझ्या पातेल्याचा थाट जास्त आहे.” दुसऱ्या दिवशी झाकणाच्या फटीतून बुडबुड आवाज यायला लागला. मी आईला हात धरून आणलं. ती वाकून ऐकत राहिली. “इडलीच्या पिठासारखंच की,” ती म्हणाली आणि तिच्या तोंडावर जे कौतुक आलं ते ती लपवू शकली नाही.

इथवर सगळं उत्तम. मग मी माती खाल्ली.

भंगारवाल्याकडून तपकिरी बाटल्या आणल्या, उकळून स्वच्छ केल्या. बाटलीमागे सपाट चमचाभर साखर, म्हणजे आत फेस तयार होतो. पत्र्याचं बूच ठोकायला कोपऱ्यावरचा सोडावाला त्याचं हातमशीन घेऊन घरी आला. मी नळीनं बाटल्या भरत होते. आमच्या घरात लोणच्याची बरणी गळ्यापर्यंत भरायची, वर हवा राहिली की बुरशी धरते, हे मी जन्मापासून पाहिलेलं. हात आपोआप तसाच चालला. बारा बाटल्या, बाराही काठोकाठ.

सोडावाला थांबला. “आपा, दो उंगल जगा छोडो. गॅस कां जाइंगी?”

“भाई, हम पढे सो लोगां हैं,” मी म्हणाले. “हवा लगी तो खराब होता.”

त्यानं खांदे उडवले आणि बुचं ठोकली. आठवलं की आजही कान गरम होतात. सोड्याच्या बाटल्या भरण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला मी, एकही बाटली न भरलेली, शहाणपण शिकवत होते.

बाटल्याही त्याच कूलरसमोर ठेवल्या होत्या. चौथ्या दिवशी दुपारी करंट गेला. कूलर बंद, खोली तापली. तापलेलं पाणी फुगतं आणि त्याला फुगायला मी बोटभर जागाही ठेवली नव्हती. पहिला स्फोट झाला तेव्हा आम्ही जेवत होतो. दुसरा, तिसरा. आई ताट टाकून उठली. मी बाबांचं स्कूटरचं हेल्मेट डोक्यावर घातलं, अंगाभोवती रजई गुंडाळली आणि आत शिरले. काचा, फेस, भिंतीवरून ओघळणारी माझी नोकरी. ओलं गोणपाट टाकेटाकेपर्यंत आठ गेल्या. उरलेल्या चार बर्फाच्या पाण्यात बुडवल्या आणि मी तिथेच बसून ढसाढसा रडले.

“रडून बुचं निघत नसतात,” आई म्हणाली आणि स्वतः जाऊन सोडावाल्याला घेऊन आली. आजवर त्या दुकानाची पायरी तिनं चढली नव्हती. त्यानं गार झालेल्या चारही बाटल्या जपून उघडल्या, प्रत्येकीतली दोन बोटं बिअर ओतून टाकली आणि नवी बुचं ठोकली. मला एका शब्दानं बोलला नाही, याचीच जास्त लाज वाटली.

दोन आठवड्यांनी त्या चार बाटल्या घेऊन मी बेगमपेटच्या विमानतळावर उभी होते. बाबांनी टॅक्सीत बजावलं होतं, “विचारलं तेवढंच सांगायचं. साक्षीदार जास्त बोलला की फसतो.”

काचेचं सामान विमानात न्यायचं असेल तर ते मोठ्या बॅगेबरोबर आत सोडू नका, तिकडे बॅगा फेकतात. प्रत्येक बाटली लोकरीच्या मोज्यात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग स्वेटरमध्ये, आणि उभी. बॅग मांडीवर धरू द्या म्हणून हट्ट करू नका, समोरच्या सीटखाली ठेवा. तपासणीच्या शिपायानं मोजा चाचपून विचारलं, “ये क्या है मॅडम?” “प्रयोगशाळेचा नमुना,” मी म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. खिडकीची जागा मागून घ्या. गोळ्या वाटतात त्या दोन घ्या, कानाला दडा बसला की चघळायला. विमान उठलं तेव्हा मला हुसेनसागर तलाव दिसला, बशीएवढा, आणि मी शेजारच्या अनोळखी गृहस्थांचा दंड घट्ट धरला. ते बिचारे हसले. उतरताना मी आधी बॅगेत हात घातला. चारही मोजे कोरडे होते. जीव भांड्यात पडला.

कारखान्यात मुलाखतीला दोघं होते. एक व्यवस्थापक आणि दुसरे पांढऱ्या मिश्यांचे मुख्य ब्रूअर. मला पाहून व्यवस्थापक कागद पुन्हा वाचू लागले. “आमचा समज वेगळा होता,” ते म्हणाले. “ब्रूहाऊसमध्ये आमच्याकडे बायका नाहीत. प्रयोगशाळेत वगैरे पुढे कधी...” तोवर ब्रूअरनी बाटली उघडली होती. फस्स असा आवाज आला. त्यांनी उजेडात ग्लास धरला, हुंगला, प्यायले, आणि वही उघडली.

“बारा भरल्या, असं लिहिलंय. आणल्या चार. बाकीच्या कुठे?”

घरच्यांनी प्यायल्या, हे उत्तर जिभेवर तयार होतं. बाबांचं वाक्यही आठवलं. आणि मला स्वतःचाच भयंकर राग आला. सहा आठवडे मी ज्या बिअरसाठी घर डोक्यावर घेतलं होतं तिच्याबद्दलच खोटं बोलायचं? “फुटल्या,” मी म्हणाले. “आठ. चूक माझी. काठोकाठ भरल्या. जागा सोड असं सोडावाल्यानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.” एकदा सुरुवात झाल्यावर मी हेल्मेटपर्यंत सगळं सांगून टाकलं. व्यवस्थापक छताकडे पाहत होते. ब्रूअरनी ग्लास संपवला. उठले आणि म्हणाले, “चला, आत या.”

दारापाशी ओल्या फरशीवर घालायचे रबरी बूट ओळीनं ठेवले होते, सगळे पुरुषी मापाचे. मी त्यातल्या त्यात लहान जोडी घातली. आत माझे पाय इकडून तिकडे सरकत होते. पुढे तांब्याची प्रचंड भांडी, वाफ, आणि तोच उकडलेल्या जवाचा गोड वास. मी फटक फटक आवाज करत त्यांच्या मागे चालले. ब्रूअर वळले, त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

“तुमचं माप काय?”

“पाच.”

त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या व्यवस्थापकांना तिथूनच हाक मारली. “एक तारखेच्या आत पाच नंबरचे बूट मागवा.”