रावसाहेबाची कडक भाकरी

परातीच्या कडंला पीठ साचतं ना, तसे किस्से साचतात. खरडलं की निघतात! दुष्काळाच्या सालात तालुक्याच्या सबजेलात कैद्यांना भाकरी पुरवायचा ठेका माझ्याकडं होता. शिक्षण चौथी नापास. पण आत कोण, बाहेर कोण, हे मला कोर्टाच्या आधी कळायचं.

तर रावसाहेब. सोसायटीच्या चेअरमनचा मेव्हणा. गावासाठी आलेला पाण्याचा टँकर यानं आपल्या मोसंबीच्या बागेत वळवला. गयाबाई चाकापुढं आडवी झाली. यानं दांडक्यानं तिचा डावा हात मोडला! केस झाली, रावसाहेब आत. गयाबाईला जेलच्या सायबानं शब्द दिला, "हा सुटला की तुम्हाला आधी कळवू."

कळवलं की! जामीन झाला त्या दिवशी जमादारानं चिठ्ठी लिहिली अन् फाटकात येऊन ओरडला, "त्या गावाला कोण चाललंय का?"

"मीच चाललोय की," रावसाहेब म्हणाला.

"बरं झालं! एवढी गयाबाईला द्या."

बाईला वाचता येईना. मग यानंच तिच्या दारात उभं राहून खड्या आवाजात वाचली, "आरोपी सुटला आहे. सावध राहावे." वर म्हणतो, "हितं अंगठा कर!"

जाताजाता म्हणाला, "साक्ष दिलीस तर दुसरा हात बी हाय." चार माणसांनी ऐकलं. जामीन रद्द, गडी परत आत. मग त्याच्या छातीत दुखायला लागलं. सरकारी दवाखान्यात खाट मिळाली. खाट दवाखान्यात, रावसाहेब गावात, सोसायटीच्या ओट्यावर पान खात! गयाबाई गावातनं एष्टी धरून तालुक्याला, जमादाराकडं.

"त्यो कुठं हाय?"

जमादारानं रजिस्टर उघडलं. "कस्टडीत."

"अवो, म्या डोळ्यांनी बघितला, वट्ट्यावर!"

"बाई, रजिस्टर सरकारी हाय. तुमचे डोळे खाजगी!"

नवा सायब आला, रावसाहेब दवाखान्यातनं पुन्हा जेलात. खात्री करायला बाई परत आली, तर कारकून म्हणाला, "कैद्याची माहिती गोपनीय असते." ती गोपनीय माहिती बाहेरचा पानवाला चुना लावता लावता फुकट सांगत होता!

शेवटी मीच म्हणलं, "गयाबाई, चकरा कशाला मारतीस? पोरीला घेऊन माझ्याकडं भाकऱ्या थापायला ये." हात वाकडा का होईना, जुळला होता.

रावसाहेबाला जेलात पण पाव्हण्याचा मान. बाकीच्यांना मऊ, याला येगळी कडक भाकरी. जमादाराचा खास हुकूम! रोज सकाळी गयाबाई विचारायची, "कडक हाय का आज?" "हाय" म्हणलं की निवांत थापायला बसायची. सगळ्या खात्याला जमलं न्हाय ते एका भाकरीनं केलं.

एकदा मला खोडी सुचली. म्हणलं, "आज कडक नको." बाईनं पिठाच्या हातानंच पोरीला चुलीमागं ओढलं अन् विळा उचलला. "थट्टा केली गं, थट्टा!" दहादा म्हणलं, तवा कुठं विळा खाली आला. उभ्या जन्मात तेवढी एकच थट्टा मला पचली न्हाय.

साक्षीला आठ दिवस राहिले अन् याला परत जामीन! मी टोपली घेऊन फाटकात, रावसाहेब ढेकर देत बाहेर.

"ठेकेदार, भाकरी झकास व्हती हां! करतं कोण? लुगडं घेतो तिला."

"तुमच्या वळखीचीच हाय."

"कोण?"

"गयाबाई."

ढेकर मधीच अडकला. "कवापासनं?"

"चार महिने झाले. दोन्ही येळंला. तुमची तर येगळीच थापायची!"

गडी गावाकडं गेलाच न्हाय. पोट धरून सरळ सरकारी दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, "काही झालेलं नाही." हा म्हणतो, "नीट बघा, नीट!" आठ दिवस खाट सोडली न्हाय, या खेपेला खरंच खाटेवर! तिकडं गयाबाईनं वाकडा हात कोर्टाला दाखवून साक्ष दिली, पहिल्यापासनं शेवटापर्यंत.

परत आली तवा विचारलं, "गयाबाई, खरं सांग, काय घालत व्हतीस?"

"पीठ अन् पाणी."

"अन्?"

बाई हसली. परात पुढं वढली अन् म्हणाली, "बसा मामा, तुमाला एक कडक टाकते."