जानेवारी, वीस सह्या आणि एक खून

एका दाराच्या चाव्या तीस वर्षं सांभाळल्या की किस्से गोळा करावे लागत नाहीत. धुळीसारखे आपोआप येऊन बसतात. धूळ मी रोज झाडतो. किस्से तेवढे राहिले.

मी आमच्या गावच्या वाचनालयाचा शिपाई. तालुका मारेगाव. शिक्षण चौथी. कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात आहे ते मला पाठ आहे. आत काय लिहिलं आहे ते मी विचारत नाही. कमरेला जुडगा असतो. त्यात पाच चाव्या: दाराची एक, कपाटांच्या चार. आजवर एकही हरवली नाही. गावात असा दुसरा माणूस दाखवा!

यंदा जानेवारी लागला आणि सरपंच सुनीताताई आल्या. ग्रामपंचायतीला व्यायामाच्या मशिनी मिळाल्या आहेत. त्या ताडपत्रीखाली गंजत आहेत. त्यांना जागा पाहिजे. जागा म्हणजे आमचा हॉल.

"काका, इथं येते कोण? दोघं पेपर वाचतात अन् एक जण झोपते."

"झोपणारा पण सही करते," मी म्हणालो.

"मंग असं करा. महिनाभर रोज वीस सह्या दाखवा. नाही तं एकतीस तारखेला चाव्या माह्या हातात द्या."

"बरं," म्हटलं. विनवणी करायची मला सवय नाही.

*

आमचे अध्यक्ष गुरुजी. शाळेतून निवृत्त झाले, फळ्यावरून झाले नाहीत. त्यांनी दारातल्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: "जानेवारीत काय वाचावे, काय पाहावे, काय करावे." वाचावे: पाच कादंबऱ्या. पाहावे: शंकरपटातली बैलांची शर्यत आणि आपल्या मंडळाचे नाटक. करावे: गोवरीवर भाजलेल्या रोडग्यांची पार्टी आणि सकाळी फिरणे.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी खडूनं भर घातली होती. वाचावे: विजेचे बिल. पाहावे: आपापले वावर. करावे: तूर सोंगणे. आणि "सकाळी फिरणे" याच्यापुढे लिहिलं होतं, "रानडुकरं फिरून राह्यली, तेवढं पुरे."

गुरुजी तापले. "पुसा ते आधी!"

मी पुसलं नाही. अक्षर चांगलं होतं. मला राग वेगळाच होता. लिहिणारा इथपर्यंत आला, खडू घेतला, एवढं लिहिलं, आणि सही न करता गेला. त्या दिवशी रजिस्टरमध्ये एकोणीसच सह्या होत्या!

*

नाटकानं पहिले दोन आठवडे तारले. तालीम हॉलमध्ये. पंधरा नट, म्हणजे पंधरा सह्या. सही नाही तर संवाद नाही, असा माझा नियम.

खलनायक होता रेशन दुकानवाला मनोहर. उंच माणूस, मोठ्या मिशा, आवाज डफासारखा. आमच्याकडे खलनायकाला लोकांनी शिव्या दिल्या की नाटक रंगलं असं धरतात.

प्रयोग रविवारी दुपारी, शाळेच्या मैदानात. मनोहर आला. लोक चूप. त्यानं विधवेची बकरी ओढून नेली. लोक चूप. त्यानं तिला घराबाहेर काढलं, तेव्हा पहिल्या रांगेतला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "बराबर केलं, मनोहरभाऊ!"

मागून टाळ्या पडल्या.

पडद्याआड गुरुजींनी डोक्याला हात लावला. "हे लोक चिडून काहून नाही राह्यले?"

पडद्याची दोरी माझ्या हातात होती. मी म्हणालो, "गुरुजी, परवा धान्य वाटप आहे."

पुढचा प्रयोग शेजारच्या गावात झाला. तिथं कोणीतरी फेकलेली वहाण मनोहरला लागली. परत येताना गाडीत लागल्याची खूण सगळ्यांना दाखवत होता. एवढा खूष मी त्याला कधी पाहिला नाही.

*

मग संक्रांत आली. हळदीकुंकवाला बाया एकमेकींना वाण लुटतात. प्लास्टिकचे डबे, चमचे, गाळण्या. गुरुजींच्या डोक्यात आलं की यंदा वाण म्हणून वाचनालयाची पुस्तकं द्यायची. पंधरा दिवस वाचायची आणि परत करायची. हॉलमध्ये हळदीकुंकू ठेवलं. बत्तीस बाया आल्या, बत्तीस सह्या झाल्या. सरपंचताईंनीसुद्धा सही केली. गुरुजींच्या सौभाग्यवतींनी प्रत्येकीच्या ओटीत एक पुस्तक घातलं.

तीन दिवसांनी मी एका घरी आठवण द्यायला गेलो.

"पुस्तक वाचून झालं का, वहिनी?"

"झालं ना. मस्त आहे."

"मग द्या."

ती माझ्याकडे असं पाहू लागली, जसं मी तिच्या गळ्यातलं मागितलं. "काका, वाण वापस घेते का कोणी? तुमाले कोणं शिकवलं?"

दुसऱ्या घरी गेलो. तेच. तिसऱ्या घरी सासूच बाहेर आली. "संक्रांतीचं दिलेलं मांगून राह्यले! वय पाहा आपलं!"

बत्तीस पुस्तकं गेली. तीस वर्षांत एक पान जाऊ दिलं नव्हतं. मी रजिस्टर काढलं आणि लिहिलं, "पुस्तके बत्तीस. वाणात गेली." गुरुजींना सही करायला लावली.

तोडगा एका सुनेनंच काढला. वाण परत देता येत नाही, पण दुसरीला देता येतं. रथसप्तमीपर्यंत चालतं. मग बाया रोज तिसऱ्या प्रहरी हॉलमध्ये येऊ लागल्या. बसायचं, एकमेकींना कुंकू लावायचं, पुस्तकं बदलायची. कपाटात एकही येत नव्हतं, पण पुस्तकं फिरत होती आणि सह्या होत होत्या.

यंदा रथसप्तमी लवकरच झाली. बाया बंद.

*

संक्रांतीच्याच सुमारास प्रल्हाद राठोड आला होता. बंजारा तांड्यावरचा शेतकरी. तो कधी वाचनालयात आला नव्हता.

"काका, एक जाडंसं पुस्तक द्या. हरभऱ्यात वानरं येऊन राह्यले. माणसाचा आवाज चालू असला तं येत नाही. दिवसभर शिव्या देऊन देऊन माहा घसा बसला. म्हटलं, वाचून पाहू."

मी कवितांचं दिलं. पातळ होतं, पण हाताशी ते आलं.

दोन दिवसांत परत. "हे चालत नाही. एका ओळीवर थांबा लागते. तेवढ्यात ते घाटे तोडते."

मग मी एक जुनी रहस्यकथा दिली. जाड, न थांबणारी. एका मालगुजाराचा, म्हणजे जुन्या जमीनदाराचा, विहिरीत खून होतो. संशय तिघांवर: आचारी, डॉक्टर, पुतण्या. प्रल्हाद मचाणावरून मोठ्यानं वाचू लागला. वानरं आली नाहीत. त्याची आई आली. आईला ते याडी म्हणतात. याडीचं वय ऐंशीच्या पुढं, अक्षर येत नाही. मचाणाखाली बसून तिनं चार दिवस पुस्तक ऐकलं. मग शेजारच्या वावरातली माणसं निंदण टाकून ऐकायला बसली.

पाचव्या दिवशी प्रल्हाद तोंड पाडून आला. पुस्तक टेबलावर ठेवलं. शेवटची आठ पानं नव्हती.

"बकरीनं खाल्ली. मी भाकर खात होतो."

"खून कोणी केला ते वाचलं का?"

"तेच तं आठ पानांत होतं, काका! याडी माह्यासंगं बोलत नाही कालपासून."

*

मी पुस्तकावर चिठ्ठी लावली: "शेवट नाही." असं सांगूनच द्यायचं, हा माझा नियम.

लोक तेच मागू लागले! एकाच पुस्तकाला इतके जण. मग गुरुजींनी ते हॉलमध्ये रोज मोठ्यानं वाचायला घेतलं. आणि वाचून झालं की भांडण.

मनोहर म्हणाला, "पुतण्यानंच केला. वारस कोण?"

वाणवाल्या बाया परत आल्या. त्या डॉक्टरच्या मागे लागल्या. "विहिरीपाशी औषधाची बाटली कायले होती मंग?"

याडी तांड्यावरून प्रल्हादच्या मोटारसायकलवर आली. अंगठा लावला. बसली. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आचाऱ्यानं नाही केला. खून करून कोणी चूल पेटवत बसते का?"

यावर एक तास गेला. बोलू नका अशी पाटी भिंतीवर आहे. मी पाटीकडे पाठ करून बसलो.

सह्या चाळीसवर गेल्या. पण खडूवाला तो एकोणीसचा दिवस आणि रथसप्तमीनंतरचे तीन, अशा चार दिवशी वीस भरल्या नव्हत्या. ताईंचा शब्द म्हणजे रोज वीस. चार दिवस कमी म्हणजे कमी. मी खोटी सही घालत नाही.

तीस तारखेला गुरुजी हॉलमध्ये नाचतच आले. त्यांच्या मुलानं पुण्याहून तेच पुस्तक पाठवलं होतं. जुन्या बाजारात मिळालं. पानं पूर्ण.

"उद्या सगळ्यांसमोर शेवट वाचून टाकू!"

मी पुस्तक हातात घेतलं. "अन् परवा कोण येईल, गुरुजी?"

मी पुस्तक चौथ्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

एकतीस तारखेला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेवट मिळणार हे गावभर झालं होतं. याडी पहिल्या रांगेत. सरपंचताई आल्या. रजिस्टर उघडलं, पानं उलटली, चार जागी बोट ठेवलं.

"चार दिवस कमी आहेत, काका."

"आहेत."

"शब्द शब्द असते."

"असते." मी जुडग्याला हात घातला.

तेवढ्यात मागून मनोहर ओरडला, "चाव्या नंतर घ्या ताई, आधी शेवट वाचू द्या!"

ताई म्हणाल्या, "हो, ते तं मलेबी ऐकाचं आहे. माह्या मतानं डॉक्टर. खोला कपाट."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी चौथ्या कपाटापाशी गेलो. उभा राहिलो. मग वळलो.

"चावी हरवली," मी म्हणालो.

हॉल चूप. मनोहरच्या नाटकात झाला नव्हता एवढा चूप. गुरुजी खाली पाहू लागले.

"तुमची?" ताई म्हणाल्या. "तीस वर्षांत नाही हरवली कधी!"

"आज हरवली."

"कुलूप तोडा!" कोणीतरी म्हणालं.

"सरकारी कपाट आहे," मी म्हणालो.

याडीनं माझ्या कमरेच्या जुडग्याकडे पाहिलं. मग पदर सावरून म्हणाली, "म्या उद्या येतो. डाक्टरवाल्याईले अजून सांगाचं राह्यलं."

ताई दारापर्यंत गेल्या. परत आल्या. रजिस्टर ओढलं, एकतीस तारखेखाली सही केली.

"मशिनी समाजमंदिरात ठेवू सध्या. ते चावी सापडली की पयले मले फोन करा. तोवर बाकीच्या राहू द्या तुमच्याजवळ."

कुलूप लावून मी घरी गेलो. जुडगा खुंटीला टांगला. टांगताना मोजायची सवय आहे.

पाच.